टक्के, पण कशाचे?

मॉक टेस्टमध्ये डेटा इंटरप्रिटेशनचा सेट समोर आला की बहुतेकांचा हात आधी रफ पेपरकडे जातो. तक्त्यात पाच कंपन्या, सहा वर्षं, बाजूला एक पाय चार्ट आणि खाली बारीक अक्षरांतली एक टीप. ती टीप कुणी वाचत नाही. आकडे दिसले की गुणायचं, भागायचं, टक्के काढायचे आणि मोकळं व्हायचं! चार मिनिटांनी उत्तर येतं, ते पर्यायांत असतंही, आणि तरी चूक निघतं. कारण घाईत वाचणारा कुठे घसरणार हे पेपर काढणाऱ्याला पक्कं माहीत असतं. घसरून जे उत्तर येतं, ते त्याने पर्यायांत आधीच छापून ठेवलेलं असतं.

बँकेची पीओ परीक्षा असो, कॅटचा डीआयएलआर विभाग असो की यूपीएससी-एमपीएससीचा सीसॅट, डीआयपासून सुटका नाही. त्यामुळे त्याच्याभोवती शॉर्टकटचा मोठा बाजार उभा राहिलाय. 'दहा सेकंदांत टक्केवारी', 'पेन न उचलता उत्तर' अशा व्हिडिओंना तोटा नाही. वेगाला आमचा विरोध नाही. परीक्षेत वेळ मोजकाच असतो. पण डीआय हा हिशेबाइतकाच वाचनाचा विषय आहे, आणि वाचन शिकवायला मात्र कुणाला वेळ नाही. टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न 'किती?' नसतो, 'कशाचे?' असतो. ज्या संख्येवर टक्के मोजले, ती संख्या म्हणजे त्या टक्क्यांचा पाया. पाया न बघता टक्क्यांवर विश्वास ठेवणारा परीक्षेत दोन मार्क घालवतो आणि परीक्षेबाहेर बरंच काही.

घरचं उदाहरण: हजेरी

सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आकडा घेऊ, ७५ टक्के हजेरीचा. समजा, आतापर्यंत ६० लेक्चर झाली आणि तुम्ही ३६ ला बसलात. हजेरी ६० टक्के. ७५ साठी १५ टक्के कमी पडतायत. ६० चे १५ टक्के म्हणजे ९. म्हणजे आणखी नऊ लेक्चरना बसलं की झालं? नाही ना! तुम्ही बसाल ती नऊ लेक्चर एकूण लेक्चरमध्येही धरली जाणार. मग ६९ पैकी ४५, म्हणजे जेमतेम ६५ टक्के. सलग किती लेक्चर करावी लागतील याचं खरं उत्तर आहे ३६. तेव्हा ९६ पैकी ७२ होतात आणि ७५ टक्के भरतात. आणि सेमिस्टरची एकूण लेक्चर ८० च असतील, तर उरलेल्या सगळ्या २० ना बसूनही ५६ च होतील, म्हणजे ७० टक्के. हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल असा आहे. गडबड होते ती पायाही हलतोय हे लक्षात न आल्यामुळे.

जनगणनेचा तक्ता वाचताना

आता एक खराखुरा तक्ता. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राचा साक्षरता दर ७६.८८ टक्के होता. २०११ मध्ये तो ८२.३४ टक्के झाला. याच दहा वर्षांत पुरुषांचा दर ८५.९७ वरून ८८.३८ वर गेला आणि स्त्रियांचा ६७.०३ वरून ७५.८७ वर. एवढ्या सहा आकड्यांवर परीक्षेचा अख्खा सेट निघू शकतो आणि त्यात तीन ठिकाणी पाय घसरू शकतो.

पहिली घसरण. २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. मग साक्षर किती? घाईत ११.२४ कोटींचे ८२.३४ टक्के काढले की सव्वानऊ कोटी येतात. प्रत्यक्षात साक्षरांची संख्या होती सुमारे ८ कोटी १६ लाख. एक कोटीहून जास्त फरक! कारण साक्षरता दर सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकसंख्येवर काढतात. शून्य ते सहा वयाची सुमारे १ कोटी ३३ लाख मुलं त्या पायात धरलेलीच नाहीत. परीक्षेत हे तक्त्याखालच्या टिपेत लिहिलेलं असतं. बातमीत आणि भाषणात अनेकदा तेवढंही नसतं.

दुसरी घसरण. स्त्रियांची साक्षरता किती टक्क्यांनी वाढली? ७५.८७ वजा ६७.०३, म्हणजे ८.८४. पण हे झाले टक्केबिंदू. मूळच्या ६७.०३ च्या तुलनेत वाढ मोजली तर ती १३.२ टक्के भरते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. वाढ मोठी दाखवायची असेल तो १३ म्हणेल, लहान दाखवायची असेल तो ९. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

तिसरी घसरण सरासरीची. स्त्री-पुरुषांच्या दरांची बेरीज करून दोनने भागलं तर ८२.१३ येतात, राज्याचा दर मात्र ८२.३४ आहे. पुरुषांची संख्या जास्त असल्याने एकूण दर त्यांच्याकडे थोडा झुकतो. इथे फरक लहान आहे म्हणून चालून जातो. गट लहान-मोठे असले की टक्क्यांची नुसती सरासरी चांगलीच तोंडघशी पाडते.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, मुलींपैकी ३५ टक्क्यांना. भेदभाव उघड दिसत होता. मग संख्याशास्त्रज्ञांनी विभागवार आकडे मांडले. एका मोठ्या विभागात मुलांचा प्रवेशदर ६२ टक्के, मुलींचा ८२! दुसऱ्या एका विभागात मुलांचा ६, मुलींचा ७. मग एकूण टक्का उलटा कसा? जिथे बहुतेक अर्ज नाकारले जातात, अशा विभागांकडे मुलींचे अर्ज जास्त प्रमाणात गेले होते. पहिल्या विभागात मुलांचे ८२५ अर्ज होते, मुलींचे फक्त १०८. म्हणून एकूण टक्का कानावर पडला की त्याच्या पोटात कोणते गट आहेत, हेही विचारायचं.

चढताना एक, उतरताना दुसरा

टक्क्यांचा पाया बदलतो कसा, हे बाजारात रोज दिसतं. हजाराच्या शर्टवर '५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के' अशी पाटी असते. मनात ७० टक्के होतात. पण दुसरी सूट उरलेल्या पाचशेवर मिळते, शंभर रुपये. शर्ट पडतो चारशेला. सूट ६० टक्के. शेअर २० टक्के पडला आणि मग २० टक्के वर चढला तर पैसे परत येत नाहीत. शंभराचे ऐंशी होतात आणि ऐंशीचे शहाण्णव. शंभर गाठायला २५ टक्के चढावं लागतं.

कोचिंगच्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो. समजा, फी ५० हजार, कर ९ हजार, एकूण ५९ हजार. 'जीएसटी आम्ही भरतो, म्हणजे थेट १८ टक्के सूट' अशी जाहिरात दिसली तर हिशेब करा. ५९ च्या ऐवजी ५० द्यायचे, म्हणजे वाचले ९ हजार. ५९ वर ९ म्हणजे साधारण सव्वापंधरा टक्के. जे क्लासवाले तुम्हाला टक्केवारी शिकवणार, त्यांच्या जाहिरातीवरच पहिला सराव करायला काय हरकत आहे?

मोबाइल किंवा गाडीच्या हप्त्याचं गणित याहून महागात पडतं. एक लाखाचं कर्ज, 'फक्त १० टक्के फ्लॅट', बारा हप्ते. व्याज दहा हजार. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण लाखावर धरलेलं असतं. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर वर्षाला जवळपास १८ टक्क्यांवर जातो. गावाकडे सावकार 'शेकडा दोन' म्हणतो तेव्हा ते दरमहा असतं, वर्षाला चोवीस, हे आपल्या आजोबांना विचारावं लागत नव्हतं. 'शेकडा' या शब्दातच शंभराचा पाया होता आणि 'दरमहा' हे व्यवहारात गृहीत होतं. आता 'फ्लॅट' या शब्दामागे काय दडलंय ते आपल्याला विचारावं लागतं.

९० टक्के प्लेसमेंट

कॉलेज निवडताना हा प्रश्न सगळ्यात कळीचा ठरतो. समजा, एका माहितीपत्रकावर लिहिलंय, 'प्लेसमेंट ९० टक्के, सर्वोच्च पॅकेज २० लाख'. शेवटच्या वर्षाला विद्यार्थी २४०. त्यातले सगळे विषय सुटलेले, ठरावीक मार्कांच्या वरचे आणि प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेले ८०. त्यांपैकी ७२ जणांना नोकरी लागली. ८० पैकी ७२ म्हणजे ९० टक्के, अगदी बरोबर. पण २४० पैकी ७२ म्हणजे ३० टक्के. ९० आणि ३०, दोन्ही त्याच ७२ मुलांचे.

आता पॅकेज. समजा, चौघांना २० लाख आणि बाकी ६८ जणांना ३ लाख. सरासरी येते ३ लाख ९४ हजार. ७२ पैकी ६८ जणांचा पगार या 'सरासरी'हून कमी आहे. म्हणून सर्वोच्च आणि सरासरीच्या पलीकडे जाऊन मध्यक विचारायचा, म्हणजे सगळ्यांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार. तो इथे तीन लाख आहे. लाखो रुपये फी भरण्याआधी ऑफिसच्या खिडकीवर दोनच प्रश्न विचारा: 'हे टक्के किती विद्यार्थ्यांचे? आणि मध्यक किती?' उत्तर द्यायला खिडकी जितका वेळ घेईल, त्यावरूनही पुष्कळ कळेल.

चित्रही वाचावं लागतं

स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये आपल्या पुस्तकात बार चार्ट छापला आणि १८०१ मध्ये पाय चार्ट. रुक्ष तक्त्यातली गोष्ट नजरेला चटकन कळावी, हा हेतू. पण जे चटकन कळतं ते चटकन फसवूही शकतं. मघाचेच साक्षरतेचे दोन आकडे घ्या, ७६.८८ आणि ८२.३४. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला तर दोन खांब जवळपास सारखेच दिसतील. तोच अक्ष ७५ पासून सुरू करा. एक खांब १.८८ उंचीचा, दुसरा ७.३४. दहा वर्षांत साक्षरता जणू चौपट झाली! आकडा एकही बदललेला नाही, फक्त खांबांचे पाय कापले. बार चार्ट दिसला की आधी खाली बघा, अक्ष कुठून सुरू होतो ते.

पाय चार्टचं दुखणं वेगळं. तो वाटा सांगतो, आकार सांगत नाही. एका कॉलेजात गेल्या वर्षी ४०० विद्यार्थी, त्यात मुली ३० टक्के. यंदा ६०० विद्यार्थी, मुली २५ टक्के. शेजारी शेजारी दोन गोल काढले तर मुलींचा तुकडा आक्रसलेला दिसतो. मुली मात्र १२० वरून १५० झाल्या. परीक्षेत दोन पाय चार्ट शेजारी दिले की हा सापळा असतोच असतो. एकूण संख्या न बघता एका गोलातला तुकडा दुसऱ्या गोलातल्या तुकड्याशी ताडून पाहायचा नाही.

एका टक्क्यावर गावाचं वर्ष

हे सगळं शहरी, क्लासवाल्या मुलांचं दुखणं वाटत असेल तर पैसेवारी आठवा. जुना शब्द आणेवारी. खरिपाचं पीक किती आलं हे महसूल खातं गावागणिक ठरवतं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम पैसेवारी. पीक कापणी प्रयोगातून आलेलं उत्पन्न त्या भागाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडायचं आणि रुपयात किती पैसे पीक आलं ते सांगायचं. पैसेवारी म्हणजे साधी टक्केवारीच. ५० पैशांच्या आत आली की टंचाईची परिस्थिती मानण्याची रीत जुनी आहे. आता दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती हेही पाहतात. पण पन्नासचा आकडा गावांच्या तोंडी अजून आहे. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत, कर्जवसुलीला स्थगिती मिळते, आणि त्याच यादीत शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफीसुद्धा असते.

समजा, एका गावात सोयाबीनचं प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल धरलं आणि यंदा ५.८ आलं. पैसेवारी ४८. प्रमाण उत्पन्न १२ ऐवजी ११ धरलं असतं तर? तेच शेत, तेच पीक, तेच ५.८ क्विंटल, आणि पैसेवारी ५३. वरची संख्या शेतात ठरते, खालची कागदावर. गावसभेत उभं राहून 'प्रमाण उत्पन्न किती धरलंय?' असं विचारणारा एखादा कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी गावात असेल, तर त्याने शिकलेली टक्केवारी कामी आली म्हणायची. मग त्याला सीसॅटमध्ये किती मार्क पडले हा प्रश्न दुय्यम.

मग परीक्षेत काय करायचं?

'हे सगळं ठीक, पण वेळ कुठाय?' असं तुम्ही म्हणाल. वाचनाने वेळ जात नाही, वाचतो. सेट आला की पहिलं दीड-दोन मिनिट पेन खाली ठेवा. शीर्षक, एकक, टीप, अक्ष आणि एकूण संख्या बघा. लाखात आहे की हजारात? टक्के एकूण विक्रीचे की एकूण नफ्याचे? मग प्रश्न चाळा. ज्या प्रश्नाला आकडेमोडच लागत नाही, तो आधी उचला. एखाद्या कंपनीची विक्री १२० वरून १५०, मग १८०, मग २१० झाली आणि 'टक्केवारीत सर्वाधिक वाढ कोणत्या वर्षी?' असं विचारलं, तर भागाकार कशाला? दर वर्षी वाढ तीसचीच, पाया मात्र मोठा होत चाललाय. म्हणजे पहिलीच वाढ सर्वाधिक.

आकडेमोड करावीच लागली तर आधी पर्याय बघा. १९,६३० पैकी ४,८७० म्हणजे किती टक्के, आणि पर्याय १८, २१, २५, २९ असतील, तर वीस हजारांत पाच हजार, पाव, २५ टक्के, संपलं. पर्याय अगदी जवळजवळ असतील तरच बारीक भागाकार.

आणि अपूर्णांक तोंडात बसवा. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, साडेसदतीस म्हणजे तीन अष्टमांश, १४.२८ म्हणजे सातवा. ६४० चे साडेसदतीस टक्के काढायला कॅल्क्युलेटर लागू नये. आठव्या हिश्शाचे ८०, त्याचे तिप्पट २४०. आपल्याकडे हे नवीन नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे एके काळी शाळेत घोकून घेत. आजही आपण 'सव्वापट', 'दीडपट', 'बारा आणे काम झालं' असं सहज बोलतो. २५ टक्के वाढ म्हणजे सव्वापट आणि बारा आणे म्हणजे ७५ टक्के, एवढं जोडून घेतलं की निम्मं काम झालं. बोलीत असलेलं गणित पेपरात आणायचं, बस्स.

शॉर्टकट शिका, जरूर शिका. त्यांनी हात वेगात चालतो. पण हात कुठल्या आकड्यावर चालवायचा, हे टीप वाचणारा डोळाच ठरवतो. परीक्षेनंतर मॉक टेस्टचे पेपर रद्दीत जातील. हप्ते, पगार, पीकपाणी आणि मतमोजणीचे टक्के आयुष्यभर समोर येत राहतील, आणि त्यांच्याखाली टीप छापलेली नसेल. ती आपणच विचारून घ्यायची. उद्या सकाळी पेपर उघडा, टक्के असलेली एक तरी बातमी शोधा आणि त्यापुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहा: 'कशाचे?' उत्तर बातमीतच सापडलं तर छान. नाही सापडलं, तर त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे तुम्हाला कळलेलं असेल.